‘ब्रेन डेड’ सांगितल्यावर: गोव्यातल्या कुटुंबाने काय विचारावे, काय पाहावे आणि केव्हा थांबावे

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेल्या कुटुंबापुढे दोन प्रश्न येतात. आपला माणूस खरोखर गेला आहे का, हा पहिला. गेला असेल तर त्याचे अवयव द्यायचे का, हा दुसरा. हे दोन्ही एकाच बैठकीत, एकाच दमात विचारले गेले की संशयाला जागा मिळते. ‘अवयव हवेत म्हणून तर मेला म्हणत नाहीत ना?’ असे मनात येणारा माणूस अडाणी नसतो. ती शंका रास्त आहे, आणि इस्पितळाने तिला कागदाने, चाचणीने आणि वेळ देऊन उत्तर दिले पाहिजे.

मी अवयवदानाच्या बाजूची आहे. तरीही हा लेख होकार मिळवण्यासाठी लिहिलेला नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पक्के मिळाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, एवढे कुटुंबाने धरून ठेवले तर पुढचा होकार किंवा नकार दोन्ही शांतपणे पेलता येतात. गोव्यात मेंदूमृत्यूचा, म्हणजे ‘ब्रेन डेड’ ठरण्याचा, प्रसंग बहुतेकदा रस्ता अपघात किंवा मेंदूतल्या रक्तस्रावानंतर येतो, म्हणजे अचानक येतो. त्यामुळे सुरुवात घरापासून करू.

पहिली पायरी: घरी, सगळे धडधाकट असताना

अवयवदानाचा कायदा १९९४ चा. हा कायदा संसदेने करावा असा ठराव ज्या तीन राज्यांच्या विधानसभांनी आधी केला, त्यांत महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेशाबरोबर गोवा होता. २०११ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. या कायद्याप्रमाणे हयातीत लेखी संमती देता येते. त्यासाठी दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला किमान एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. केंद्रीय संस्था ‘नोटो’च्या संकेतस्थळावर आधार क्रमांक वापरून ऑनलाइन नोंदणीही होते. माहितीसाठी १८०० ११ ४७७० हा निःशुल्क क्रमांक आहे.

नोंदणी केली म्हणजे झाले, असे मात्र नाही. प्रत्यक्षात इस्पितळ कुटुंबालाच विचारते आणि कुटुंब नाही म्हणाले तर पुढे जात नाही. म्हणून कार्ड पाकिटात ठेवण्यापेक्षा जेवताना घरच्यांना सांगणे जास्त उपयोगाचे. आपल्याकडे एक मुलगा लंडनला, दुसरा बोटीवर, मुलगी पुण्याला अशी घरे पुष्कळ आहेत. निर्णयाच्या रात्री व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदा हा विषय निघाला तर भांडण ठरलेले. गणपतीला किंवा नाताळला सगळे घरी येतात, तेव्हा हे बोलून घ्यावे.

दुसरा कागद म्हणजे जीवनेच्छापत्र, ज्याला सगळे लिव्हिंग विल म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तत्कालीन न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४ मध्ये आपले इच्छापत्र नोंदवले. गोव्यातली अशी ती पहिलीच नोंद होती.

हे दोन कागद एकमेकांना छेद देऊ शकतात, आणि याकडे फार कमी लोकांचे लक्ष जाते. ‘मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका’ असे इच्छापत्रात लिहिले आणि दुसरीकडे अवयवदानाची नोंदणी केली, तर डॉक्टरांनी काय करायचे? मेंदूमृत्यूनंतरच्या अवयवदानासाठी काही तास व्हेंटिलेटर लागतोच. दोन्ही हवे असेल तर इच्छापत्रात एक वाक्य घालावे: अवयवदान शक्य असल्यास केवळ त्यासाठी लागणाऱ्या वेळेपुरता व्हेंटिलेटर चालू ठेवण्यास माझी हरकत नाही.

दुसरी पायरी: अतिदक्षता विभागातले पहिले दिवस

या दिवसांत डॉक्टरांना एक प्रश्न सरळ विचारावा: मेंदूला नेमके काय झाले आहे आणि ते कशावरून दिसते? सीटी स्कॅन दाखवा म्हणावे, समजेल अशा भाषेत सांगा म्हणावे. कोमातला माणूस जिवंत असतो. त्याचा मेंदूस्तंभ, म्हणजे श्वास आणि भान सांभाळणारा मेंदूचा तळाचा भाग, काम करत असतो, पुष्कळदा तो स्वतः श्वास घेतो, काही जण त्यातून बाहेरही येतात. डोळे उघडे पण भान नाही, अशा अवस्थेत वर्षानुवर्षे राहिलेला माणूसही जिवंतच. मेंदूमृत्यूत मेंदूस्तंभाची सगळी कार्ये कायमची थांबलेली असतात. भान, श्वास, खोकला, गिळणे, डोळ्यांच्या बाहुल्यांची हालचाल, यांतले काहीही परत येत नाही. हृदयाला स्वतःची लय असते आणि व्हेंटिलेटर प्राणवायू पुरवत असतो, म्हणून ठोके काही काळ चालू राहतात.

या टप्प्यावर कोणी अवयवदानाचा विषय काढला तर नम्रपणे थांबवावे. २०११ च्या दुरुस्तीने अशा रुग्णांच्या नातेवाइकांना अवयवदानाबद्दल विचारणे आणि माहिती देणे इस्पितळाचे कर्तव्य केले आहे, हे खरे. पण उपचार चालू असताना विचारणे मला क्रूर वाटते. चाचण्या पूर्ण होऊन मृत्यू जाहीर झाल्यावर आणि कुटुंबाला ती बातमी पचवायला थोडा वेळ मिळाल्यावरच तो विषय निघावा. बातमी देणारी व्यक्ती आणि दानाबद्दल विचारणारी व्यक्ती वेगळी असली तर उत्तम. प्रत्यारोपण समन्वयक याच कामासाठी असतो. नोंदणीकृत केंद्रांना तो नेमावाच लागतो.

तिसरी पायरी: चाचणीच्या आधीच्या अटी

मेंदूमृत्यूच्या निदानात खरी काळजी इथे घ्यावी लागते. चाचणी करण्याआधी कारण माहीत हवे आणि ते न सुधारणारे हवे. शिवाय मेंदूमृत्यूसारखे दिसणारे, पण उलटवता येणारे काहीही शिल्लक नसावे. शरीराचे तापमान फार उतरलेले नको. गुंगीच्या, झोपेच्या औषधांचा आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांचा अंमल उतरलेला हवा. साखर, सोडियम, रक्तदाब यांची गडबड आधी सुधारलेली हवी.

गोव्यात राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. नाग आणि मण्यार यांच्या विषाने स्नायू इतके लुळे पडतात की डोळ्यांच्या बाहुल्याही हलत नाहीत आणि माणूस मेंदूमृत झाल्यासारखा दिसतो, पण आत तो पूर्ण शुद्धीत असू शकतो. प्रतिविष आणि व्हेंटिलेटरच्या आधारावर असे रुग्ण बरे होतात. मण्यार रात्री झोपेत चावते, खूण दिसेलच असे नाही. काजूच्या बागेत किंवा भातशेतीत काम करणारा, जमिनीवर झोपणारा माणूस सकाळी निपचित सापडला आणि डोक्याला मार नसेल, तर साप चावला असण्याची शक्यता तपासली का, हे विचाराच. कीटकनाशकांची विषबाधा आणि काही औषधांचे अतिसेवनही असेच फसवू शकते. ‘कारण सापडले नाही, पण मेंदू मेला’ हे उत्तर स्वीकारू नये.

चौथी पायरी: चाचणी, आणि ती करणारे चौघे

कायद्याने चार डॉक्टरांचे मंडळ ठरवले आहे: इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतला एक स्वतंत्र तज्ज्ञ, न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन, आणि रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर. मेंदूचा तज्ज्ञ उपलब्ध नसेल तर त्याच्या जागी यादीतला सर्जन किंवा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतातज्ज्ञ चालतो. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला डॉक्टर या मंडळात नसावा. चौघांची नावे विचारायला संकोच करू नये, त्यात कोणाचा अपमान नाही.

चाचण्या दोनदा होतात आणि दोहोंमध्ये किमान सहा तासांचे अंतर ठेवतात. लहान मुलांच्या बाबतीत हे अंतर वाढवतात. डोळ्यांत प्रखर उजेड टाकून बाहुल्या आकसतात का, बुबुळाला कापूस लावल्यावर पापणी मिटते का, कानात बर्फासारखे गार पाणी सोडल्यावर डोळे वळतात का, घशात नळी घातल्यावर उबळ किंवा खोकला येतो का, चेहऱ्यावर जोराने दाबल्यावर काही हालचाल होते का, हे पाहतात. शेवटी श्वासाची चाचणी. आधी भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर काही मिनिटे काढतात, नळीतून प्राणवायू चालूच ठेवतात, आणि छाती स्वतःहून हलते का ते बघतात. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिलिमीटर पाऱ्याच्या वर गेला, म्हणजे श्वास घेण्याची सर्वांत जोरदार सूचना मेंदूला मिळाली, तरी श्वास आला नाही तर ती चाचणी निर्णायक ठरते. हा आकडा रक्ततपासणीच्या कागदावर असतो. दाखवा म्हणावे.

शक्य असेल तर कुटुंबातल्या एकाने दुसरी चाचणी समोर उभे राहून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. सगळ्यांना ते झेपत नाही, जबरदस्ती नको. पण ज्याने ती मिनिटे पाहिली, त्याच्या मनात पुढे वर्षानुवर्षे ‘घाई तर झाली नाही ना’ हा प्रश्न राहत नाही. पाहणाऱ्याला आधीच सांगून ठेवावे लागते की हात किंवा पाय अचानक हलू शकतो, क्वचित दोन्ही हात छातीकडे उचललेही जातात. ही हालचाल पाठीच्या कण्यातून येते, मेंदूतून नाही. हे आधी न सांगितल्यामुळे कुटुंबाचा विश्वास तुटू शकतो, आणि तो दोष कुटुंबाचा नसतो.

चाचण्यांची नोंद दहाव्या नमुन्यातल्या अर्जावर होते आणि त्यावर चौघांच्या सह्या असतात. मृत्यूची वेळ कोणती लिहिणार हेही तेव्हाच विचारून घ्यावे. विम्याला आणि पुढच्या विधींना तीच लागते.

पाचवी पायरी: उरलेल्या शंका

मेंदूमृत्यू म्हणजेच मृत्यू, यावर जगातल्या सगळ्या विचारवंतांचे एकमत आहे असे सांगणे खोटे ठरेल. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने हे निकष मांडले तेव्हापासून वाद चालू आहे. ब्रिटनने १९७६ मध्ये मेंदूस्तंभाचा निकष घेतला, अमेरिकेने १९८१ मध्ये संपूर्ण मेंदूचा. भारताचा कायदा ब्रिटनच्या बाजूचा. फरक बहुतेक रुग्णांत पडत नाही. रक्तस्राव फक्त मेंदूस्तंभात झाला असेल, तर मात्र वरच्या मेंदूत थोडी विद्युत हालचाल राहू शकते. असा माणूस भारतात मृत ठरू शकतो, अमेरिकेत कदाचित नाही. म्हणून इजा केवळ मेंदूस्तंभाची असेल तर मेंदूचा रक्तपुरवठा दाखवणारी चाचणी किंवा मेंदूतली विद्युत हालचाल मोजणारा ईईजी करून घेण्याची विनंती करावी. कायद्याने ती सक्तीची नाही, पण अशा वेळी मागणी योग्य आहे.

ॲलन शूमन या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टने १९९८ मध्ये मेंदूमृत ठरवल्यानंतरही व्हेंटिलेटरवर ज्यांचे शरीर आठवडे, महिने चालू राहिले अशा रुग्णांची नोंद मांडली. मेंदू गेला की शरीर लगेच कोसळते, हा जुना युक्तिवाद त्यामुळे ढिला पडला. मात्र सगळ्या अटी पाळून, नियमाप्रमाणे निदान झालेला माणूस पुन्हा शुद्धीवर आल्याची खात्रीलायक नोंद नाही. मला स्वतःला हे पुरेसे वाटते: भान आणि श्वास दोन्ही कायमचे गेले, तर ते माणूसपण गेले. ज्यांना ते पुरेसे वाटत नाही, त्यांचा मतभेद मी मान्य करते आणि त्यांनी दान नाकारावे, हेही.

धर्माचा प्रश्न गोव्यात टाळता येत नाही. ख्रिस्ती कुटुंबांसाठी उत्तर बरेच स्पष्ट आहे. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच मृत्यूचा क्षण ठरवणे हे वैद्यकाचे काम असल्याचे म्हटले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ऑगस्ट २००० मध्ये प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या परिषदेत मेंदूमृत्यूचे काटेकोर लावलेले निकष मान्य करता येतात असे सांगितले. गावच्या पाद्रीला बोलावून घ्यावे, तो हे समजावू शकतो. हिंदूंमध्ये असे एकच पीठ नाही. ‘पुढच्या जन्मी डोळ्यांशिवाय येईल’ ही भीती अजून बोलून दाखवली जाते, आणि काही घरांत देवाला कौल लावल्याशिवाय मोठा निर्णय होत नाही. समन्वयकाने अशा वेळी घड्याळ दाखवू नये. कौलासाठी दोन तास मागितले तर द्यावेत. ताज्या दुःखात बसलेल्या आईला दधीची ऋषींची गोष्ट सांगू नये. त्यागाची सक्ती तिच्यावर कोणी करायची नाही.

सहावी पायरी: विचारणा

आता दुसरा प्रश्न. पहिले म्हणजे, सही कोण करणार? पती-पत्नी, आई-वडील, मुले, भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे यांना कायदा जवळचे नातेवाईक मानतो. मृत व्यक्ती १८ वर्षांखालील असेल तर आई किंवा वडील. जवळच्या एखाद्या नातेवाइकाचा आक्षेप आहे असे वाटण्याजोगे कारण असेल, तर इतरांनी संमती देऊ नये असे कायदा सांगतो. म्हणून रुसलेल्या भावाला टाळून सही उरकू नये.

परप्रांतीय कामगारांच्या बाबतीत हा मुद्दा जास्त टोचतो. बांधकामावरून पडलेला तरुण, त्याच्याबरोबर ठेकेदार आणि खोलीतला सोबती. त्या दोघांना संमतीचा हक्क नाही. घरच्यांना त्यांच्या भाषेत समजावणारा माणूस मिळेपर्यंत आणि ते पोचेपर्यंत थांबायला हवे. पोचणे शक्य नसेल तर दान होत नाही, आणि ते तसेच असावे. गरीब घरातून अवयव यावेत आणि श्रीमंत घरात जावेत, अशी व्यवस्था आपल्याला नको असेल तर थांबण्याची किंमत मोजलीच पाहिजे.

पैशाबद्दल तीन गोष्टी ठाम माहीत असू द्या. अवयवांचा मोबदला घेणे-देणे गुन्हा आहे. शिक्षा पाच ते दहा वर्षे कैद आणि २० लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड. दुसरे, मेंदूमृत्यू जाहीर झाल्यानंतर अवयव टिकवण्याचा, काढण्याचा, नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबाकडून घेता येत नाही. तिसरे, त्याआधीचे खासगी इस्पितळातले बिल राहते. ते माफ करतो, सही करा, असा सूर कोणी लावला तर तिथेच थांबा. ते आमिष आहे.

अवयव कोणाला जाणार हे कुटुंबाला ठरवता येत नाही, आणि घेणाऱ्याचे नावही सांगितले जात नाही. वाटप बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) असलेल्या ‘सोट्टो’ या राज्य संस्थेमार्फत प्रतीक्षायादीनुसार होते. राज्यात योग्य रुग्ण नसेल तर अवयव पश्चिम विभागात जातो, ज्याचे केंद्र मुंबईत केईएम इस्पितळात आहे. मग देशात. गोमेकॉत मूत्रपिंड प्रत्यारोपण होते. हृदय आणि यकृत बाहेर पाठवण्याची वेळ येते तेव्हा घड्याळाला महत्त्व येते. हृदय चार ते सहा तासांत बसवावे लागते, मूत्रपिंड २४ तास आणि त्याहून थोडे अधिक टिकते. म्हणून बांबोळीहून जुवारी नदी ओलांडून दाबोळी विमानतळापर्यंत किंवा उत्तरेला मोपा विमानतळापर्यंत पोलिस वाट मोकळी करून देतात.

सातवी पायरी: नकार

नकार द्यायला कारण लागत नाही. नकारानंतर डॉक्टरांची वागणूक बदलली तर ते गैर आहे. इथे कायद्याची मोठी उणीव आहे. मेंदूमृत्यूची व्याख्या अवयवदानाच्या कायद्यात आहे, जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात नाही. त्यामुळे दान नाकारले तर काही इस्पितळे व्हेंटिलेटर काढायला कचरतात, मृतदेहावर दिवसेंदिवस यंत्र चालते आणि बिल वाढते. केरळ सरकारने जानेवारी २०२० मध्ये दानाशी न जोडता मेंदूमृत्यू ठरवण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. गोव्यानेही ती काढावीत. दान देणाऱ्यासाठी एक मृत्यू आणि न देणाऱ्यासाठी दुसरा, असे असू नये. तोपर्यंत कुटुंबाने मंडळाचा अहवाल लेखी मागावा आणि व्हेंटिलेटर काढण्याबाबतची आपली इच्छा लेखी द्यावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ आणि २०२३ मध्ये घालून दिलेली दोन वैद्यकीय मंडळांची पद्धत त्यासाठी वापरता येते.

आठवी पायरी: होकारानंतर

आठव्या नमुन्यातला अर्ज भरताना कोणते अवयव द्यायचे ते एकेक करून लिहावे. डोळे नकोत, मूत्रपिंडे चालतील, असे म्हणता येते. शस्त्रक्रियागृहात जाईपर्यंत संमती मागे घेण्याचा विचार मनात आला तर तो तसाच बोलावा.

अपघाताचा गुन्हा असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवचिकित्सा आलीच. कायद्यात त्याची सोय आहे: मृत्यूच्या कारणाचा पुरावा बिघडणार नाही अशा रीतीने, न्यायवैद्यक डॉक्टरांशी बोलून अवयव काढता येतात. समन्वयकाने पोलिस ठाण्याशी लवकर संपर्क साधला आहे का, हे विचारावे, कारण उशीर बहुधा इथेच होतो.

शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ हजर असतो आणि स्नायू शिथिल करणारे औषध देतो. ‘मेला आहे तर भूलतज्ज्ञ कशाला?’ हा प्रश्न कुटुंबे विचारतात. रक्तदाब सांभाळणे आणि कण्यातून येणाऱ्या हालचाली थांबवणे हे त्याचे काम. छेद घेताना नाडी वाढू शकते, तीही कण्याची आणि ग्रंथींची प्रतिक्रिया मानली जाते. मनाच्या समाधानासाठी भूलही द्या, अशी विनंती करता येते.

देह टाके घालून, स्वच्छ करून परत मिळतो. अंत्यदर्शनाला काही वेगळे दिसत नाही. किती वाजता मिळेल ते आधी विचारून मगच गावात कळवावे. सांगितलेल्या वेळेपेक्षा उशीर होणे सर्रास घडते.

नंतर हे कागद जपून ठेवा: दहाव्या नमुन्यातल्या प्रमाणपत्राची प्रत, संमतीपत्राची प्रत, शवचिकित्सेचा अहवाल, मृत्यूचा दाखला. काही चुकीचे घडले असे वाटले तर प्रथम इस्पितळाच्या वैद्यकीय अधीक्षकांकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी, मग अवयवदान कायद्याच्या अंमलबजावणीसाठी असलेल्या राज्याच्या समुचित प्राधिकरणाकडे. या कायद्याखाली न्यायालय थेट कोणाच्याही तक्रारीवर खटला घेत नाही. प्राधिकरणाची तक्रार लागते, किंवा तक्रारदाराने प्राधिकरणाला किमान ६० दिवसांची नोटीस दिलेली असावी लागते. म्हणून पहिल्या पत्राची तारीख आणि पोच सांभाळा.